डोळ्यांतली रेती : वऱ्हाडी कापसाची एक न मांडलेली बाजू

‘डोयात रेती गेल्यावानी वाटते,’ हे वाक्य मी लहानपणी अकोल्यात आईच्या तोंडून रोज ऐकले. हंगामात ती जिनिंगमध्ये रुईच्या धुळीत काम करी. घरचे निदान एकच : उष्णता. उपायही एकच : काशाच्या वाटीने तळपायांना तूप घासणे. डोळ्यांतून तर सारखे पाणी येई. ते कोरडे असतील, ही शंका कोणालाच आली नाही. मला आली ती पन्नाशीत, जुनी दप्तरे चाळताना माझेच डोळे चुरचुरू लागले तेव्हा.

१८५३ साली निजामाने वऱ्हाड इंग्रजांच्या हवाली केले. अमेरिकेतील यादवी युद्धात (१८६१-६५) तिकडचा कापूस अडला, इकडचा भाव चढला. त्याच दशकात रेल्वे आली. पुढे अमरावती-अकोल्यात जिन-प्रेस उभ्या राहिल्या. पांढऱ्या सोन्याचा हिशेब गाठींत झाला, धुळीचा मात्र मजुरांच्या डोळ्यांत आणि छातीत साचत गेला.

आजार नवा नाही. सुश्रुतसंहितेच्या उत्तरतंत्रात तो ‘शुष्काक्षिपाक’ नावाने येतो : पापण्या रूक्ष, कठीण, डोळा उघडताना त्रास. १६६६ मध्ये हाइनरिख माइबोम यांनी पापणीतील तेलग्रंथींचे वर्णन केले. १९०३ मध्ये ओटो शिर्मर यांनी पापणीत कागदी पट्टी अडकवून ती पाच मिनिटांत किती मिलिमीटर भिजते, हे मोजण्याची रीत दिली.

अश्रूंच्या थरात तेल, पाणी आणि चिकट द्रव असतो. तेल कमी पडले की वैशाखाच्या झळीत पाणी झटकन उडते. डोळा चुरचुरतो, मग पाण्याचा लोट येतो. पण तो टिकत नाही. म्हणून कोरडा डोळाही वाहतो.

दुसरी शक्यता खुपऱ्यांची. हा संसर्ग पापणीच्या आत व्रण ठेवतो आणि डोळा कोरडा पाडतो. १९६३ मध्ये त्याविरुद्ध राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला. सार्वजनिक आरोग्याची समस्या म्हणून भारतातून त्याचे उच्चाटन झाल्याचे जागतिक आरोग्य संघटनेने २०२४ मध्ये मान्य केले.

आईला यांतले नेमके काय होते, हे आता ठरवता येणार नाही. तिचे डोळे कधी कोणी तपासलेच नाहीत. माझे तपासले गेले : कोमट फडक्याचा शेक, आठवणीने पापण्या मिटणे, उन्हात-धुळीत चष्मा आणि डॉक्टरांनी दिलेले कृत्रिम अश्रू. स्टेरॉइडचे थेंब मात्र दुकानातून मनाने आणू नयेत. त्यांनी डोळ्यातला दाब वाढून नजर जाऊ शकते.

जिनिंगमध्ये आजही बायाच जास्त दिसतात. यंदा घरात कोणी ‘रेती गेल्यावानी’ म्हणाले, तर वाटी शोधण्याआधी डोळे दाखवून आणावेत.