गर्भारपणातील जीवनसत्त्व ड-ची कमतरता आणि जीवाणूजन्य योनिविकार

जीवनसत्त्व ड-ची कमतरता आणि गर्भारपणाच्या पहिल्या तिमाहीत आढळणारा जीवाणूजन्य योनिविकार (बॅक्टेरियल व्हजायनोसिस) यांच्यातील संबंध हा प्रसूतिशास्त्र व पोषणशास्त्र या दोन्ही शाखांतील संशोधनाचा विषय आहे. ज्या गर्भवतींच्या रक्तात या जीवनसत्त्वाचे प्रमाण कमी असते, त्यांच्यात हा विकार अधिक आढळतो, असे काही निरीक्षणात्मक अभ्यासांत दिसून आले आहे. मात्र कमतरता हे विकाराचे कारण आहे, हे अद्याप सिद्ध झालेले नाही.

== विकाराचे स्वरूप ==

निरोगी योनिमार्गात लॅक्टोबॅसिलस गटातील जीवाणूंचे प्राबल्य असते. ते लॅक्टिक आम्ल तयार करतात व त्यामुळे तेथील सामू साधारणतः ४.५ पेक्षा कमी राहतो. या जीवाणूंची संख्या घटून त्यांची जागा गार्डनरेला व्हजायनॅलिस आणि ऑक्सिजनविना वाढणाऱ्या इतर जीवाणूंनी घेतली, की जीवाणूजन्य योनिविकार झाला असे म्हणतात. म्हणजे हा बाहेरून आलेल्या एखाद्या जंतूचा संसर्ग नसून तेथील जीवाणूंचा समतोल ढळणे होय. यात सहसा दाह नसतो, त्यामुळे मराठीत काही ठिकाणी वापरला जाणारा ‘योनिदाह’ हा शब्द या विकाराला काटेकोरपणे लागू पडत नाही. पातळ, करड्या-पांढऱ्या रंगाचा स्राव आणि माशासारखा वास ही त्याची लक्षणे आहेत. तथापि बऱ्याच स्त्रियांना कोणतेच लक्षण जाणवत नाही.

निदानासाठी ॲम्सेल निकष (१९८३) किंवा न्यूजेंट गुणांक (१९९१) वापरतात. न्यूजेंट पद्धतीत स्रावाचा नमुना ग्रॅम पद्धतीने रंगवून सूक्ष्मदर्शकाखाली पाहतात आणि जीवाणूंच्या प्रमाणानुसार ० ते १० गुण देतात. ७ किंवा अधिक गुण आल्यास विकार आहे असे मानतात. बुरशीमुळे होणारा कँडिडा संसर्ग व ट्रायकोमोनास या परजीवीचा संसर्ग हे वेगळे आजार असून त्यांचे उपचारही वेगळे आहेत.

गर्भारपणात या विकाराला महत्त्व येते ते अकाली प्रसूती आणि उशिरा होणारा गर्भपात यांच्याशी त्याचा संबंध आढळल्यामुळे.

== जीवनसत्त्व ड-शी संबंध ==

जीवनसत्त्व ड केवळ हाडांसाठी आवश्यक असते, हा समज जुना झाला आहे. प्रतिकारशक्तीच्या अनेक पेशींवर या जीवनसत्त्वाचे ग्राहक असतात आणि कॅथेलिसिडिनसारखी जंतुनाशक प्रथिने तयार होण्यास ते चालना देते. कमतरतेमुळे योनिमार्गाच्या अस्तराचे हे संरक्षण दुबळे होत असावे, अशी मांडणी संशोधक करतात.

या विषयावरील सर्वाधिक चर्चिला गेलेला अभ्यास अमेरिकेतील पिट्सबर्ग येथे लिसा बॉडनर व सहकाऱ्यांनी केला व तो २००९ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात १६ आठवड्यांपेक्षा कमी गर्भ असलेल्या ४६९ स्त्रियांची तपासणी करण्यात आली. सुमारे ४१ टक्के स्त्रियांत जीवाणूजन्य योनिविकार आढळला. रक्तातील जीवनसत्त्वाचे प्रमाण दर लिटरला २० नॅनोमोलपेक्षा कमी असलेल्यांत विकाराचे प्रमाण सुमारे ५७ टक्के, तर ८० नॅनोमोलपेक्षा अधिक असलेल्यांत ते सुमारे २३ टक्के होते. २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य व पोषण सर्वेक्षणातील माहितीच्या विश्लेषणात हा संबंध गर्भवतींमध्ये दिसला, गर्भवती नसलेल्यांमध्ये मात्र दिसला नाही.

अमेरिकेत हा विकार आणि ही कमतरता दोन्ही कृष्णवर्णीय स्त्रियांमध्ये अधिक आढळतात. गडद त्वचेत सूर्यप्रकाशापासून हे जीवनसत्त्व कमी तयार होते, हे कमतरतेचे एक कारण आहे. पण दारिद्र्य, आहार व आरोग्यसेवेची उपलब्धता यांचाही दोन्हींवर परिणाम होऊ शकतो, आणि एकाच वेळी केलेल्या मोजणीतून कारण व परिणाम वेगळे करता येत नाहीत.

पूरक मात्रा देऊन केलेल्या चाचण्यांचे निष्कर्ष एकसारखे नाहीत. ओहायो राज्यातील कोलंबस येथे गर्भवती नसलेल्या ११८ स्त्रियांवर केलेल्या चाचणीत (२०१४) प्रचलित उपचारासोबत जीवनसत्त्व ड-च्या मोठ्या मात्रा दिल्या गेल्या. त्यामुळे विकार पुन्हा उद्भवण्याचे प्रमाण कमी झाले नाही. इराणमधील एका चाचणीत मात्र लक्षणे नसलेल्या व कमतरता असलेल्या स्त्रियांना लाभ झाल्याचे नोंदवले गेले.

== उपचार व शिफारशी ==

लक्षणे असलेल्या गर्भवतींना वैद्यकीय सल्ल्याने मेट्रोनिडॅझोल किंवा क्लिंडामायसिन ही प्रतिजैविके दिली जातात. जीवनसत्त्वाच्या गोळ्या त्यांना पर्याय ठरत नाहीत. योनिमार्ग आतून धुण्याने लॅक्टोबॅसिलस जीवाणू आणखी घटू शकतात, म्हणून तसे न करण्याचा सल्ला देतात.

लक्षणे नसताना सरसकट चाचणी करून उपचार करावेत का, हा प्रश्न दीर्घकाळ वादाचा होता. फ्रान्समधील मोठ्या चाचणीत (२०१८) कमी जोखमीच्या गर्भवतींना क्लिंडामायसिन देऊनही उशिराचे गर्भपात व अतिअकाली प्रसूती कमी झाल्या नाहीत. अकाली प्रसूतीचा धोका अधिक नसलेल्या, लक्षणरहित गर्भवतींची अशी चाचणी करू नये, असे अमेरिकेच्या प्रतिबंधक सेवा कार्यदलाने २०२० मध्ये सुचवले. सर्व गर्भवतींना सरसकट जीवनसत्त्व ड देण्याची शिफारस जागतिक आरोग्य संघटनाही करत नाही. कमतरता असलेल्यांना ते दिले जाते.

== भारतातील स्थिती ==

भरपूर ऊन असूनही भारतात जीवनसत्त्व ड-ची कमतरता मोठ्या प्रमाणावर आढळते. अंग झाकणारा पेहराव, घरातच जाणारा दिवस, हवेचे प्रदूषण आणि आहारातून हे जीवनसत्त्व फारसे न मिळणे ही त्याची कारणे सांगितली जातात. मासे व अंड्याचा बलक वगळता नेहमीच्या जेवणात त्याचे नैसर्गिक स्रोत थोडे आहेत.

योनिविकारांबाबत महाराष्ट्रातील एक अभ्यास पायाभूत मानला जातो. राणी बंग, अभय बंग व सहकाऱ्यांनी गडचिरोली जिल्ह्यातील दोन गावांमधील ६५० स्त्रियांची तपासणी केली; १९८९ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार ९२ टक्के स्त्रियांना एक वा अधिक स्त्रीरोग होते, पण त्यापूर्वी स्त्रीरोग तपासणी झालेल्या स्त्रिया केवळ ८ टक्के होत्या. हा अभ्यास गर्भवतींपुरता नव्हता व त्याचा विषय जीवनसत्त्व ड हा नव्हता. ‘अंगावरून पांढरे जाणे’ ही तक्रार संकोचापोटी सांगितली जात नाही किंवा बाईच्या जातीला ते असायचेच असे समजून सोडून दिली जाते. गर्भारपणात स्राव काहीसा वाढणे स्वाभाविक असल्यामुळे रोगट स्रावाकडे दुर्लक्ष होण्याची शक्यता या काळात अधिक असते. वास, खाज, जळजळ किंवा रंगातील बदल जाणवल्यास तपासणी आवश्यक ठरते.