उष्णतेचे ओझे आणि संगणकाचा प्रवास

काही वर्षांपूर्वीची गोष्ट. कोकणातल्या एका माध्यमिक शाळेला तिच्या माजी विद्यार्थ्याने आपला संगणक भेट दिला. हा विद्यार्थी पुण्यात ॲनिमेशनचे काम करतो. संगणक जुना, पण चांगला ताकदीचा होता. तो शाळेत पोहोचवण्याचे काम आमच्याकडे आले. आम्ही तो मोठ्या खोक्यात घातला, भोवती चादरी कोंबल्या, टेम्पोत उभा ठेवला आणि घाट उतरून शाळेत नेला. खोक्यावर ओरखडासुद्धा नव्हता. मुले भोवती जमली. संगणक सुरू केला, तर पडदा काळाच! झाकण काढल्यावर उलगडा झाला. प्रोसेसरवरचा किलोभराहून जड कूलर एका बाजूने उचकटून लोंबत होता आणि मदरबोर्डला बारीक तडा गेला होता. बोर्डाच्या पोटातल्या तांब्याच्या रेषा तुटल्या होत्या, त्यामुळे दुरुस्ती शक्य नव्हती. त्या वर्षीच्या दहावीच्या मुलांना तो संगणक वापरायला मिळालाच नाही.

खोका शाबूत आणि आतली वस्तू मोडलेली, असे का व्हावे? आणि ज्यात हलतात ते मुख्यतः इलेक्ट्रॉन, त्या यंत्रात किलोभर धातू टांगायची वेळ का यावी? याचे उत्तर संगणकाच्या इतिहासात सापडते.

१९४६ च्या फेब्रुवारीत अमेरिकेतल्या फिलाडेल्फिया शहरात एनिॲक हा संगणक जगासमोर आला. त्यात सुमारे १८ हजार निर्वात नळ्या होत्या. वजन ३० टनांच्या आसपास, आणि वीज लागे सुमारे १५० किलोवॅट. ही वीज अखेर उष्णतेच्या रूपातच बाहेर पडे आणि ती घालवायला मोठे पंखे होते. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये तो बंद केला गेला, मेरिलँडमधल्या ॲबर्डीनच्या लष्करी केंद्रात हलवला गेला आणि काही सुधारणांनंतर जुलै १९४७ मध्ये पुन्हा सुरू झाला. ऑस्ट्रेलियातला सुमारे सात टनांचा सीएसआयआरएसी १९५५ मध्ये ट्रकमधून सिडनीहून मेलबर्नला गेला. तिथे तो पुन्हा चालू व्हायला जून १९५६ उजाडला. या यंत्रांचे वजन प्रचंड असले तरी ते भक्कम सांगाड्यांवर तोललेले होते. प्रवासात भीती असे ती काचेच्या नळ्यांची.

नाजूक वस्तू सुखरूप कशी न्यावी, याचा गणिती विचारही त्याच काळात झाला. १९४५ मध्ये बेल प्रयोगशाळेच्या नियतकालिकात रेमंड माइंडलिन यांचा वेष्टनाच्या गादीविषयीचा दीर्घ निबंध प्रसिद्ध झाला. गादी म्हणजे एक स्प्रिंग आणि वस्तू म्हणजे त्या स्प्रिंगवरचे वजन, अशी त्यांची मांडणी होती. त्यांनी आणखी एक गोष्ट लक्षात घेतली. वस्तूच्या आत जे भाग लवचीकपणे जोडलेले असतात, तेही धक्क्याने वेगळे हलतात, म्हणून त्यांचा हिशोब स्वतंत्र करावा लागतो. हा मुद्दा आपल्याला पुढे लागणार आहे.

बारा वर्षांनी, १९५७ मध्ये, अल्फ्रेड फील्डिंग आणि मार्क शाव्हान यांनी प्लास्टिकचे दोन पडदे एकमेकांना चिकटवले. मध्ये हवेचे फुगे अडकले. त्यांना भिंतीला लावायचा नक्षीदार कागद करायचा होता, पण तो काही खपेना. १९६० मध्ये त्यांची सील्ड एअर ही कंपनी सुरू झाली. आयबीएमचा १४०१ हा संगणक नुकताच बाजारात आला होता. तो पाठवताना आयबीएमने हे फुग्यांचे प्लास्टिक वापरले आणि त्याला पहिले मोठे गिऱ्हाईक मिळाले. मुले आज टपटप फोडतात ते फुगे संगणकाच्या प्रवासानेच प्रसिद्धीस आणले!

पुढे ट्रान्झिस्टर आले, एकात्मिक परिपथ आले, आणि काचेची भीती गेली. इंटेलच्या १९७१ च्या ४००४ या प्रोसेसरमध्ये २,३०० ट्रान्झिस्टर होते. १९८१ च्या आयबीएम पीसीमधल्या प्रोसेसरवर पंखा तर सोडाच, धातूची पट्टीही नव्हती. ती पेटी टेबलावर आडवी असे, म्हणजे तिच्यातला मदरबोर्डही आडवा. हा आडवेपणा लक्षात ठेवू या.

चक्र उलटे फिरले ते १९९० च्या दशकात. १९९३ च्या पहिल्या पेंटियमवर सुमारे १५ वॅट उष्णतेचा भार होता. त्यासाठी ॲल्युमिनियमच्या पात्यांचा ठोकळा, म्हणजे हीटसिंक, आणि वर छोटा पंखा आला. २००५ पर्यंत पेंटियम ४ च्या काही प्रोसेसरांचा भार ११५ वॅटपर्यंत गेला. शंभर वॅटच्या जुन्या दिव्याला हात लावून पाहिलेल्यांना याची कल्पना येईल. इथे तेवढी उष्णता नखाएवढ्या चकतीतून बाहेर काढायची होती. तांबे ॲल्युमिनियमच्या सुमारे १.७ पट चांगले उष्णतावाहक, पण सव्वातीन पटींहून जड. उष्णता जिंकायची तर वजन पत्करावे लागे.

त्याच सुमारास घरोघरची संगणकपेटी टेबलावरून उतरून उभी राहिली. मदरबोर्ड उभा झाला आणि त्यावर बसणारा कूलर भिंतीतल्या फळीसारखा आडवा टांगला गेला. एएमडीच्या सॉकेट-ए प्रोसेसरांसाठी कूलरच्या वजनाची शिफारस ३०० ग्रॅमपर्यंतची होती. तो सॉकेटच्या प्लास्टिकच्या दातांनाच अडकवलेला असे. २००० च्या पेंटियम ४ साठी इंटेलने ही मर्यादा ४५० ग्रॅमवर नेली, पण स्क्रू बोर्डातून आरपार नेऊन पेटीच्या पत्र्यात बसवले. २००४ मध्ये आलेल्या बीटीएक्स रचनेत तर बोर्डाखाली पोलादी आधारपट्टीच दिली होती. ही रचना रुजली नाही. २००६ मध्ये इंटेलने तिचा पुढचा विकास सोडून दिला, आणि कूलरचे वजन बोर्डावरच राहिले.

हे वजन आणखी लांब नेले एका सुंदर कल्पनेने. अमेरिकेतल्या लॉस अलामॉस प्रयोगशाळेत १९६३ मध्ये जॉर्ज ग्रोव्हर यांनी हीटपाइप तयार केला. बंद नळीत थोडा द्रव असतो. गरम टोकाला त्याची वाफ होते, थंड टोकाला ती पुन्हा द्रव होते, आणि नळीच्या आतल्या सच्छिद्र अस्तरातून द्रव दिव्यातल्या वातीसारखा परत येतो. ही युक्ती मुळात अंतराळातल्या उपकरणांसाठी होती. २००० नंतर ती घरच्या संगणकात आली. आता पाती प्रोसेसरला चिकटून असण्याची गरज उरली नाही. ती लांब, मोकळ्या हवेत नेता आली. मनोऱ्यासारखे कूलर निघाले. ऑस्ट्रियाच्या नॉक्टुआ कंपनीचा २०१४ चा एनएच-डी१५ पंख्यांसह १,३२० ग्रॅम वजनाचा आणि १६.५ सेंटिमीटर उंच आहे. हीटपाइपने प्रोसेसरची उष्णता दूर नेली, आणि तिच्यासोबत वजनही!

आता तरफेचा धडा आठवू या. समजा कूलर १.३ किलोचा आहे आणि त्याचा गुरुत्वमध्य बोर्डापासून ८ सेंटिमीटरवर आहे. त्याला धरणारे वरचे आणि खालचे स्क्रूही एकमेकांपासून साधारण तेवढ्याच अंतरावर असतात. म्हणजे पेटी उभी असताना वरच्या स्क्रूंवर सुमारे १.३ किलोची जादा ओढ पडते. टेबलावर हे सहज सोसते.

प्रवासात मात्र हिशोब बदलतो. पेटी ३० सेंटिमीटरवरून फरशीवर पडली आणि ३ मिलिमीटरमध्ये थांबली, तर सरासरी मंदन गुरुत्वत्वरणाच्या सुमारे शंभर पट होते, कारण पडण्याचे अंतर थांबण्याच्या अंतराच्या शंभर पट आहे. त्या क्षणी १.३ किलोचा कूलर १३० किलोसारखा ओढतो, आणि ती ओढ सोसायची दीड-पावणेदोन मिलिमीटर जाडीच्या बोर्डाने! तीच पेटी ३ सेंटिमीटर दबणाऱ्या फोमवर पडली, तर ही ओढ १३ किलोवर येते. आमच्या चादरी घट्ट कोंबलेल्या होत्या. त्या दबायला जागाच नव्हती. शिवाय घाटातल्या प्रत्येक खड्ड्याबरोबर कूलर वर-खाली डुलत राहिला. तार पुन्हा पुन्हा वाकवून तोडतो, तसाच हा प्रकार झाला. माइंडलिन म्हणत होते तो आतला भाग आम्ही विसरलो होतो.

उपाय या हिशोबातूनच निघतात. संगणक स्वतः नेत असाल तर पेटी आडवी करा. मदरबोर्ड ज्या बाजूला बसवलेला असतो ती बाजू खाली हवी, म्हणजे कूलर मनोऱ्यासारखा सरळ उभा राहील. आयबीएम पीसीचा आडवेपणा थोड्या वेळापुरता परत आणायचा, एवढेच. खाली दबणारा फोम किंवा गादी घाला.

संगणक मालवाहतुकीने जाणार असेल तर खोके कोण कसे ठेवील याचा नेम नाही. तेव्हा जड कूलर काढून वेगळा बांधणे उत्तम. काढण्यापूर्वी संगणक दहा-पंधरा मिनिटे चालवावा, म्हणजे मधला उष्णतावाहक लेप मऊ होतो. मग संगणक बंद करून वायर काढावी, पेटीच्या धातूला हात लावून अंगावरची स्थितिक विद्युत घालवावी आणि स्क्रू सोडवल्यावर कूलर सरळ न ओढता हलकेच डावी-उजवीकडे फिरवत सोडवावा. सरळ ओढल्यास काही सॉकेटांतून प्रोसेसरही उपटून येतो. परत बसवताना जुना लेप पुसून नवा लावायचा.

कूलर काढणे शक्यच नसेल तर पेटीतली पोकळी फोमने भरतात. त्याच सील्ड एअर कंपनीच्या एका पद्धतीत दोन द्रव पिशवीत एकत्र येऊन फुगतात आणि जागेचा आकार घेतात. संगणक सुरू करण्यापूर्वी हे भरण काढायला मात्र विसरू नका, नाहीतर धक्क्यातून वाचलेला प्रोसेसर उष्णतेत सापडायचा!

वर्गात हे दाखवायला संगणक लागत नाही. वहीच्या पुठ्ठ्यात पेन्सिल काटकोनात खोचा आणि तिच्या टोकाला लहानसा बटाटा लावा. पुठ्ठा उभा धरून वर-खाली झटके द्या. मग पुठ्ठा आडवा धरून, बटाटा वर ठेवून, तसेच झटके द्या. भोक आधी कधी फाटते ते मुलांना नोंदवू द्या. नंतर पेन्सिल अर्धी करून पुन्हा पाहा.

त्या शाळेला पुढच्या वर्षी दुसरा संगणक मिळाला. या खेपेला पेटी गादीवर आडवी होती आणि कूलर वेगळ्या खोक्यात, आमच्या मांडीवर. शाळेत पोहोचल्यावर तो नववीच्या मुलींनी बसवला. लेप किती लावायचा, यावरून त्यांचा बराच वाद झाला. संगणक पहिल्याच खेपेला सुरू झाला.