ध्वनिक्षेपक, गृहश्रवणाचे

विद्युत-संकेतांचे श्राव्य ध्वनीत रूपांतर करणारे, व्यवहारात स्पीकर या नावाने परिचित असलेले उपकरण. चेस्टर राइस व एडवर्ड केलॉग या अभियंत्यांनी १९२५ मध्ये प्रसिद्ध केलेली रचना, म्हणजे चुंबकाच्या फटीत हालणारे तारेचे वेटोळे आणि त्याला जोडलेला कागदी शंकू, स्वस्त व लाखमोलाच्या अशा दोन्ही ध्वनिक्षेपकांत अद्याप कायम असून भेद पडतो तो मुख्यतः पेटीत. एडगर विल्चर यांनी १९५४ मध्ये बंद पेटीतील हवेचाच स्प्रिंगसारखा उपयोग करून लहान आकारातून खोल मंद्र काढला. पीटर वॉकर यांच्या क्वाड कंपनीने १९५७ साली शंकू आणि पेटी दोन्ही वगळून विद्युतभारित पातळ पडदाच वाजविला.

तथापि तुलनेची खरी बाब खोली ही होय. वर्धा शहराला लागून असलेल्या मौजे बोरगाव मेघे येथील एखाद्या स्लॅबच्या घरात, जेथे समोरासमोरच्या गिलावा केलेल्या भिंतींत आठ फुटांचे अंतर आहे, तेथील हवा सुमारे ७० हर्ट्झला अनुस्पंदन पावते. आणि काळी एकमध्ये मिळविलेल्या तंबोऱ्याचा खर्ज ६९ हर्ट्झच्या आसपास असतो. परिणामी भिंतीलगत बसलेल्यास खर्ज घुमतो, मध्यभागी बसलेल्यास तोच क्षीण भासतो, आणि ठपका मात्र निरपराध पेटीवर येतो. कापसाच्या या जिल्ह्यात घरोघर असणाऱ्या गाद्या व लोड भिंतीशी रचल्यास तार स्वरांचा खणखणाट निवतो. खर्जावर त्यांची मात्रा चालत नाही, त्यासाठी पेट्यांची व बैठकीची जागाच बदलावी लागते.

दोन जोड्यांची परीक्षा करताना त्यांचा आवाज मापकाने समान करणे अनिवार्य आहे, कारण किंचित मोठा वाजणारा ध्वनिक्षेपक कानाला हटकून सरस वाटतो. पेट्या कापडाआड ठेवाव्यात, म्हणजे किमतीचा दाखला कानापर्यंत पोहोचत नाही. कसोटीस तंबोऱ्याइतके उत्तम वाद्य नाही: जवारीतून उमटणारी स्वरांची दाट वलये ज्या ध्वनिक्षेपकातून सुटी आणि तरीही एकजीव ऐकू येतात, तो गायकाच्या कंठाशीही इमान राखतो. उन्हाळ्यात पारा ४५ अंशांपलीकडे जातो आणि कूलरची घरघर हे सूक्ष्म तपशील गिळून टाकते. सबब ही परीक्षा हिवाळ्यातील रात्री करावी.

आठ फुटी खोलीसाठी उंच, भारी पेट्यांपेक्षा लहान बंद पेट्यांची जोडीच श्रेयस्कर, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे. बीबीसीने १९७० च्या दशकात बाह्य प्रक्षेपणाच्या गाड्यांतील चिंचोळ्या जागेसाठी सिद्ध केलेला एलएस थ्री-फाइव्ह-ए याच जातीचा असून त्याची निर्मिती आजही चालू आहे.