टकळी, जाळे आणि गोष्ट

नवी मुंबई ज्या जमिनीवर उभी आहे, तिथे कापूस हे कधीच मुख्य पीक नव्हते. ठाणे, पनवेल आणि उरण तालुक्यांतल्या ज्या ९५ गावांच्या जमिनी शहरासाठी घेतल्या गेल्या, ती गावे भाताची, मिठागरांची आणि खाडीची. तरीही कातणे आणि विणणे इथे परके नव्हते. कापसाऐवजी तागासारख्या सणाचा धागा कातला जाई आणि कापडाऐवजी जाळे विणले जाई. दिवाळे, करावे, सारसोळे, वाशी, बेलापूर या खाडीकाठच्या कोळीवाड्यांना नायलॉन येईपर्यंत सणाच्या दोऱ्याशिवाय मासेमारी करता येत नव्हती, आणि तो दोरा घरोघर हातानेच वळला जाई.

या कामात कौशल्य फार होते. सणाचे धागे सोडवायचे, त्यांना सारखा पीळ द्यायचा, दोन-तीन पदर एकत्र करून पुन्हा उलटा पीळ द्यायचा, म्हणजे दोरा पाण्यात उकलत नाही. मग बांबूच्या किंवा लाकडाच्या चपट्या सुईवर दोरा भरायचा आणि एका पट्टीच्या मापाने गाठीमागून गाठ मारत जायचे. पट्टीची रुंदी ठरवी जाळ्याचे भोक, आणि भोक ठरवी कोणता मासा अडकेल आणि कोणता निसटेल. तयार जाळे झाडाच्या सालीच्या काढ्यात बुडवून काळपट तांबडे केले जाई, कारण खाऱ्या पाण्यात कोरा सण लवकर कुजतो. पावसाळ्यात होड्या किनाऱ्याला लागल्या की नारळी पौर्णिमेपर्यंत जाळी दुरुस्त करण्याचे आणि नवी विणण्याचे दिवस असत. हात कामात असत, तोंड मोकळे असे. दर्याच्या गोष्टी, भुताखेतांच्या गोष्टी, नात्यागोत्यातल्या हकिकती याच वेळी एका पिढीकडून दुसरीकडे जात. शेजारच्या आगरी गावांत लग्नातले धवळे गाणाऱ्या धवळारणींनीही कथनाचा मोठा साठा असाच तोंडपाठ राखला. लिहून कोणी ठेवले नाही, पण गोष्ट सांगणे हे कौशल्य आहे आणि ते चारचौघांत बसून शिकायचे असते, हे या वस्त्यांना पक्के ठाऊक होते.

घाटावर हातकाम आणि गोष्ट यांची हीच जोडी लोकरीच्या रूपाने दिसते. धनगर कुटुंबांत मेंढ्या कातरल्यावर लोकर पिंजून तिचा धागा काढण्याचे काम घरी होई, आणि सनगर विणकर त्या धाग्याची घोंगडी खड्ड्याच्या मागावर विणत. ताण्याला चिंचोक्याची खळ दिल्यामुळे घोंगडीला तिचा ओळखीचा ताठपणा येतो. कातणाऱ्या या समाजाने बिरोबा, धुळोबा या देवांच्या लांबलचक कथा धनगरी ओव्यांतून जपल्या. गुंथर सोंथायमर या जर्मन अभ्यासकाने या ओव्या गावोगाव फिरून ध्वनिमुद्रित केल्या, तेव्हा त्यांचा आवाका विद्यापीठांच्या ध्यानात आला. मराठी कादंबरीतही हे जग उशिरा आले, पण आले ते जोरकसपणे. व्यंकटेश माडगूळकरांची ‘बनगरवाडी’ १९५५ साली प्रसिद्ध झाली. औंध संस्थानातल्या एका धनगर वस्तीवर आलेल्या तरुण शिक्षकाची ती कथा आहे. मेंढरांमागे जाणाऱ्या माणसांकडे इतक्या जवळून आणि इतक्या मायेने पाहणारे पुस्तक मराठीत त्याआधी नव्हते.

जाळे आणि घोंगडी ही दोन्ही गरजेची कामे होती. सूत कातणे हे व्रत झाले ते वेगळ्या कारणाने, आणि त्याची सुरुवात महाराष्ट्रात गांधींच्या बरीच आधी झाली. पुण्याच्या सार्वजनिक सभेचे गणेश वासुदेव जोशी, म्हणजे सार्वजनिक काका, यांनी १८७० च्या दशकातच स्वदेशीचे व्रत घेतले. स्वतः कातलेल्या सुताचे कपडे घालून ते १८७७ च्या दिल्ली दरबाराला गेले, तेव्हा भोवताली रेशीम आणि जरीचा झगमगाट होता. एका माणसाच्या निश्चयापुरते राहिलेले हे व्रत चळवळ बनायला अर्धे शतक जावे लागले.

डिसेंबर १९२४ मध्ये बेळगावला काँग्रेसचे अधिवेशन भरले. गांधी अध्यक्ष असलेले हे एकमेव अधिवेशन. तिथे ठरले की काँग्रेसच्या सभासदाने वर्गणीदाखल दरमहा २,००० यार्ड सूत द्यावे, स्वतः कातून किंवा दुसऱ्याकडून कातून घेऊन. पैशांऐवजी श्रमाने सभासदत्व मोजण्याची ही कल्पना धाडसी होती आणि फार काळ टिकली नाही. सप्टेंबर १९२५ मध्ये पाटण्याला ती सैल करण्यात आली आणि कताईचे काम नव्या अखिल भारतीय चरखा संघाकडे गेले. याच संघाने १९२९ साली सुधारित चरख्यासाठी एक लाख रुपयांचे बक्षीस जाहीर केले. आठ तासांत १२ ते २० नंबरचे १६,००० यार्ड सूत निघावे, किंमत १५० रुपयांहून जास्त नसावी, खेड्यातल्या माणसाला तो दुरुस्त करता यावा, अशा अटी होत्या. बेळगावने महिन्याला जेवढे सूत मागितले होते, तेवढे या यंत्राने तासाभरात काढायचे होते. किर्लोस्करवाडीहूनही एक चरखा पुढे आला, पण सगळ्या अटी कोणालाच पुऱ्या करता आल्या नाहीत आणि बक्षीस तसेच राहिले.

बहुतेकांच्या हाती राहिली ती टकळी. पितळेची चकती आणि तिच्यातून गेलेली लोखंडी सळई, एवढेच ते साधन. कापूस वेचून, सरकी काढून, पिंजून त्याचे पेळू करायचे. डाव्या हातात पेळू आणि उजव्या हाताने टकळीला फिरकी. चकती फिरते तसा पेळूतून धागा निघत जातो, हात वर जातो, तार पुरेशी लांब झाली की ती सळईवर गुंडाळायची आणि पुन्हा फिरकी. पीळ कमी पडला तर तार तुटते, जास्त झाला तर तिचा गुंता होतो. नवख्याची सारी नजर बोटांवर असते. सराव झालेल्याला बघावेही लागत नाही, बोटांनाच जाडी कळते. चार फुटांची एक तार, १६० तारांची एक लड आणि चार लडींची, म्हणजे ६४० तारांची, एक गुंडी असे माप होते. रोजच्या कताईचा हिशेब तारांत लिहिला जाई.

इथे एक बदल घडला, तो मराठी साहित्याच्या दृष्टीने महत्त्वाचा आहे. कोळीवाड्यात आणि धनगरवाड्यावर हात चालू असताना गोष्ट सांगितली जाई. आश्रमात आणि तुरुंगात मात्र कताई हा यज्ञ होता. सूत्रयज्ञाला मंडळी ओळीने बसत आणि बहुधा मौन पाळत. त्या तासाला गोष्टीला जागा नव्हती. ती दिवसाच्या दुसऱ्या तासाकडे सरकली आणि कागदावर उतरली. १९३० नंतरच्या दशकात मराठीत तुरुंगात किंवा आश्रमात जे लिहिले गेले, त्यामागे ही दिनचर्या उभी आहे.

येरवड्याच्या तुरुंगात गांधींनी चरख्याचे रूप बदलले. एक मोठे आणि एक लहान चाक आडवे बसवून सारे साधन पेटीत मावेल असे केले. येरवडा चक्र म्हणून तेच देशभर गेले. तिकडे धुळ्याच्या तुरुंगात विनोबांनी २१ फेब्रुवारी ते १९ जून १९३२ या काळात दर रविवारी गीतेवर प्रवचने दिली आणि साने गुरुजींनी ती उतरवून घेतली. पेण तालुक्यातल्या गागोद्याला जन्मलेले विनोबा पुढे वर्ध्याजवळ नालवाडीला टकळीवरच्या कताईच्या मजुरीत पोट भरते का, हे स्वतःवर अजमावत राहिले. साने गुरुजी नाशिकच्या तुरुंगात गेले. तिथे फेब्रुवारी १९३३ मध्ये अवघ्या पाच दिवसांत ‘श्यामची आई’ लिहून झाली. या पुस्तकाची घडण लक्षात घेण्यासारखी आहे. आश्रमात संध्याकाळची प्रार्थना होते आणि मग श्याम सोबत्यांना आईची आठवण सांगतो, अशा ४२ रात्री. श्रम, प्रार्थना आणि गोष्ट हा आश्रमाच्या दिवसाचा क्रम पुस्तकाचाच सांगाडा झाला आहे. पालगडच्या आईची कथा लाखो घरांत पोचली, याचे अर्धे श्रेय या साध्या, सांगण्याच्या सुराला द्यायला हवे.

प्रेमा कंटक यांचे नाव मात्र आज फारसे कोणी घेत नाही, आणि हा अन्याय आहे. १९२९ साली त्या साबरमतीला गेल्या, पुढे सासवडच्या आश्रमात आयुष्य घातले. गांधींशी त्यांचा पत्रव्यवहार मोठा होता. कताई, आहार, ब्रह्मचर्य, मनातल्या शंका, सारेच त्यात येते. आणि याच बाईंनी ‘काम आणि कामिनी’, ‘अग्नियान’ या कादंबऱ्या लिहिल्या. व्रतस्थ कार्यकर्तीने स्त्री-पुरुष संबंधांवर कादंबरी लिहावी, हे त्या काळी अनेकांना खटकले. रोज चरख्यावर बसणारी आणि रोज लिहिणारी कादंबरीकार म्हणून त्यांचा वेगळा अभ्यास व्हायला हवा.

चळवळीबाहेर टकळी पोचली ती शाळेतून. ऑक्टोबर १९३७ मध्ये वर्ध्याला शिक्षण परिषद झाली आणि एखाद्या हस्तोद्योगाभोवती सारे शिक्षण गुंफण्याची योजना पुढे आली. बहुतेक ठिकाणी तो उद्योग कताईच ठरला, कारण टकळी स्वस्त होती आणि दप्तरात मावत होती. कापूस न पिकणाऱ्या कोकणातल्या मुलांच्या हातीही पेळू आले. कोकणात आणि देशावर अनेक प्राथमिक शाळांच्या पाटीवर ‘जीवन शिक्षण’ हे शब्द अजून आहेत, ते या योजनेची खूण म्हणून. औंध संस्थानच्या १९३८-३९ च्या घटनेच्या कामात सहभागी झालेले पोलिश अभियंते मॉरिस फ्रिडमन, म्हणजे स्वामी भारतानंद, यांनी धनुष टकळी बनवली ती अशाच कमी खर्चाच्या साधनाच्या शोधात.

सुयांवरचे लोकरीचे विणकाम या साऱ्यांत सगळ्यांत तरुण. मिशनच्या शाळांतून ते आले, १९०९ साली रमाबाई रानडे आणि गो. कृ. देवधर यांनी उभारलेल्या पुण्याच्या सेवासदनासारख्या संस्थांत ते शिवणाबरोबर शिकवले गेले, आणि मध्यमवर्गीय घरांत बाळाची टोपडी, मोजे आणि शाळेचे स्वेटर या वाटेने रुजले. कोकणच्या हवेला लोकर लागत नाही, तरी बारशाच्या आधी घरी विणलेले टोपडे तयार असावे ही हौस मुंबईतही होती. किर्लोस्करवाडीहून १९३० साली ‘स्त्री’ मासिक निघाले. त्या आणि नंतरच्या स्त्रियांच्या मासिकांनी कथा, लेख आणि शिवण-विणकाम एकाच वाचकवर्गापुढे ठेवले. सरळ सुलट-उलट ओळी विणताना कोणी वाचून दाखवलेली कथा ऐकता येते. नक्षी आली की टाके मोजावे लागतात आणि कथा थांबते. विणणाऱ्या प्रत्येकीला हे ठाऊक असते. विभावरी शिरूरकरांचा ‘कळ्यांचे निःश्वास’ हा कथासंग्रह १९३३ साली आला, तेव्हा त्यातल्या शिकलेल्या, नोकरी करणाऱ्या, मनाची घुसमट झालेल्या मुली याच पिढीच्या होत्या. शिवण-विणकामाने बाईला चार पैसे आणि थोडा मोकळा वेळ मिळवून दिला. त्या वेळात काय घडते, हे या कथांनी सांगितले.

१७ मार्च १९७० रोजी नवी मुंबई वसवणाऱ्या सिडकोची स्थापना झाली, तोवर नायलॉनचे जाळे खाडीवर पोचले होते. सण कातण्याचे काम शहर येण्याआधीच मागे पडू लागले होते. शहराने उरलेली मिठागरे, भाताची खाचरे आणि खाडीच्या वाटा घेतल्या. जानेवारी १९८४ मध्ये उरण तालुक्यातल्या जासईला जमिनीच्या मोबदल्यासाठी झालेल्या आंदोलनात गोळीबार होऊन माणसे मेली, पण त्या लढ्याच्या इतिहासातही जुन्या हस्तकामांची नोंद जवळपास नाही. नव्या वसाहतींत दादर-गिरगावातून आलेल्या कुटुंबांबरोबर सुया आणि लोकर आली, वाचनालये आणि साहित्य मंडळे आली. बेलापूरच्या अर्बन हाटमध्ये देशभरचे विणकर आपला माल मांडतात.

खादी-ग्रामोद्योगाचा धागा पनवेलच्या दक्षिणेला टिकून राहिला. मुंबई-गोवा महामार्गावर कर्नाळ्याजवळ तारा इथे १९६१ साली स्थापन झालेले युसूफ मेहेरअली सेंटर काम करते. ‘छोडो भारत’ ही घोषणा देणाऱ्या मुंबईच्या महापौरांचे नाव त्याला आहे. डॉ. जी. जी. परीख यांनी वयाची शंभरी गाठेपर्यंत खादीचा आग्रह तिथे धरून ठेवला. त्याच रस्त्याने पुढे पेणच्या बाजूला विनोबांचे गागोदे आणि माणगावजवळ वडघरला साने गुरुजींचे राष्ट्रीय स्मारक आहे.

खाडीकाठच्या सणाच्या जाळ्याला मात्र असे स्मारक नाही. सण कातला जाताना ज्यांनी पाहिला, ती माणसे आता ऐंशीच्या घरात आहेत. नवी मुंबईतल्या शाळांनी, वाचनालयांनी आणि कोळीवाड्यांतल्या तरुणांनी त्यांच्याकडे जाऊन जाळ्याची सुई, पट्टी, पीळ देण्याची रीत आणि त्या वेळी सांगितल्या जाणाऱ्या गोष्टी त्यांच्याच बोलीत ध्वनिमुद्रित करून ठेवाव्यात. हे काम पुढच्या काही वर्षांतच होऊ शकते.