घशाचें दुखणें आणि घशाचें भय

श्रोतेहो, पावसाळी हवेंत घरांतलें एखादें मूल सकाळीं उठतां उठतां 'घसा दुखतो' म्हणून कुरकुरूं लागलें, तर आपण फारशी धांवपळ करीत नाहीं. आजी हळद घातलेलें दूध पुढें करते, आई मिठाच्या कोमट पाण्याच्या गुळण्या करावयास लावते, कोणी ज्येष्ठमधाची कांडी हातांत देतो. आणि चार-सहा दिवसांत मूल पुन्हां हुंदडूं लागतें. आपल्या या निश्चिंतपणाचाच इतिहास आज सांगावयाचा आहे. तो फार जुना नाहीं. दीडशें वर्षांपूर्वीं हेच शब्द ऐकून आईच्या काळजांत धस्स होत असे, आणि तसें होण्यास सबळ कारण होतें.

अडचण अशी कीं घसा एक, आणि त्याचे रोग अनेक. लाली, सूज, गिळतांना वेदना, ताप हीं लक्षणें साध्या पडशांतहि दिसतात व प्राणघातक रोगांतहि दिसतात. सुश्रुतसंहितेंत कंठरोगांमध्यें 'रोहिणी' नांवाचा रोग सांगितला आहे. कंठांत मांसाचे अंकुर वाढून ते श्वासाचा मार्ग कोंडतात व प्राण हरण करतात, असें तिचें वर्णन आहे. हा आजचा घटसर्पच असावा, असें अनेक अभ्यासक मानतात. तिकडे स्पेन देशांत १६१३ हें साल लोकांच्या स्मरणांत 'गळफासाचें वर्ष' म्हणून राहिलें. कारण त्या वर्षीं घशाच्या सांथीनें मुलें अक्षरशः गुदमरून गेलीं.

रोग ओळखतां न आल्यानें थोरामोठ्यांचीहि काय गत होई, याचें एक उदाहरण प्रसिद्ध आहे. अमेरिकेचे पहिले राष्ट्राध्यक्ष जॉर्ज वॉशिंग्टन हे १७९९ सालच्या १२ डिसेंबरला बर्फांत व पावसांत घोड्यावरून आपली शेतीवाडी पाहत हिंडले. दुसऱ्या दिवशीं घसा दुखूं लागला; त्यांनीं तिकडे फारसें लक्ष दिलें नाहीं. चौदा तारखेच्या पहाटे श्वास कोंडूं लागला. तीन डॉक्टर जमले. त्या काळच्या रीतीप्रमाणें चार वेळां शीर तोडून दोन लिटरांहून अधिक रक्त काढण्यांत आलें. तिघांतल्या सर्वांत तरुण डॉक्टरानें श्वासनलिकेस छेद देऊन वाट मोकळी करावी, असें सुचविलें. पण वडीलधाऱ्यांना तें धाडस मानवलें नाहीं. त्याच रात्रीं वॉशिंग्टन निवर्तले. श्वासनलिकेच्या मुखावरील झांकण सुजून तें घडलें असावें, असें आज पुष्कळ तज्ज्ञांचें मत आहे. उपचार करणाऱ्यांनीं कष्टांत कसूर केली नव्हती; कोणत्या शत्रूशीं आपण झगडत आहों, एवढेंच त्यांना ठाऊक नव्हतें.

शत्रू ओळखण्याच्या कामीं पहिलें मोठें पाऊल टाकलें तें फ्रान्समधील तूर शहराच्या ब्रेतोनो या वैद्यानें. घशांत करड्या रंगाचा चिवट पापुद्रा धरणारा रोग हा स्वतंत्र रोग आहे, असें त्यानें १८२६ च्या आपल्या ग्रंथांत दाखवून दिलें, आणि 'कातडें' या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून त्याला नांव दिलें. त्यापूर्वीं एक वर्ष त्यानें एका गुदमरलेल्या बालिकेची श्वासनलिका छेदून तिला वांचविलेंहि होतें. परंतु नांव कळलें म्हणून औषध सांपडलें असें नव्हे. १८७८ सालीं राणी व्हिक्टोरियाची कन्या अ‍ॅलिस हिच्या जर्मनींतील राजवाड्यांत घटसर्प शिरला. चार वर्षांची मुलगी नोव्हेंबरांत गेली, आणि शुश्रूषा करणारी आई १४ डिसेंबरला त्याच रोगानें मरण पावली.

पुढच्या वीस वर्षांत मात्र चित्र पालटलें. १८८३ सालीं क्लेब्सनें रोगजंतु पाहिला, १८८४ सालीं लफ्लरनें तो वेगळा वाढवून दाखविला. जंतु घशांतच राहतो, मग हृदय कां निकामी होतें? रू आणि येर्सिन यांनीं १८८८ सालीं उत्तर दिलें, कीं जंतु विष सोडतो आणि तें विष रक्तांतून सर्वत्र पसरतें. विष कळलें तसा उताराहि सुचला. १८९० सालीं बर्लिनमध्यें बेरिंग व किटासाटो यांनीं विष पचविलेल्या प्राण्याच्या रक्तरसांत तें मारण्याची शक्ति असते, असें सिद्ध केलें. रू यानें घोड्यांपासून हा रस तयार करून १८९४ सालीं पॅरिसच्या मुलांच्या रुग्णालयांत वापरला, तेव्हां घटसर्पाच्या रोग्यांतील मृत्यूंचें प्रमाण निम्म्याहून अधिक होतें तें एक चतुर्थांशावर आलें. वैद्यकाचें पहिलें नोबेल पारितोषिक १९०१ सालीं बेरिंगला मिळालें तें याच कार्याबद्दल. पुढें रामों यानें उष्णता व फॉर्मेलिन यांच्या योगानें तेंच विष निरुपद्रवी करून त्याची लस बनविली.

दुसरा शत्रू अधिक कपटी. सांखळीसारखे दिसणारे स्ट्रेप्टोकोकस जंतु घसा सुजवितात. घसा बरा होतो, घर विसरून जातें. दोन-तीन आठवड्यांनीं कांहीं मुलांचे सांधे सुजतात, ताप येतो, आणि हृदयाच्या झडपा कायमच्या अधू होतात. घशांतच पेनिसिलीननें या जंतूंचा नाश केला तर हृदय वांचतें, असें अमेरिकेच्या लष्करी तळावरील डॉक्टरांनीं १९५० च्या सुमारास दाखविलें. तरीहि आपल्या देशांत अशीं अधू हृदयें अजून आढळतात. कित्येक स्त्रियांना तर गरोदरपणीं धाप लागते, तेव्हां प्रथम या बालपणच्या दुखण्याचा पत्ता लागतो.

मग घरांत काय करावें? बहुतेक घसे विषाणूंमुळें दुखतात आणि आठवड्याभरांत आपोआप बरे होतात. त्यांना गुळण्या, ऊन पेय व विश्रांति पुरते. तेथें जंतुनाशक गोळ्यांचा हट्ट धरणें व्यर्थ. परंतु श्वासास अडथळा होत असेल, लाळ गिळवत नसेल, तोंड उघडत नसेल, मानेला मोठी सूज असेल किंवा घशांत करडा पापुद्रा दिसत असेल, तर क्षणाचाहि विलंब न लावतां रुग्णालय गांठावें. तो पापुद्रा घरीं खरवडूं नये. सर्दी-खोकला नसतां मुलाला ताप असेल व गळ्याच्या गांठी दुखत असतील, तर डॉक्टरकडून घसा तपासून घ्यावा. आणि त्यांनीं दहा दिवसांचें औषध दिलें तर तिसऱ्या दिवशीं बरें वाटतें म्हणून तें सोडूं नये. घटसर्पाची लस भारताच्या सरकारी कार्यक्रमांत १९७८ पासून आहे. तान्हेपणींच्या मात्रा बहुधा चुकत नाहींत. पांचव्या, दहाव्या व सोळाव्या वर्षांच्या मात्रा मात्र विसरल्या जातात, आणि घटसर्प अजून आपल्यांतून गेलेला नाहीं.

श्रोतेहो, वॉशिंग्टनच्या उशाशीं तीन विद्वान वैद्य होते आणि पैशाला तोटा नव्हता. उणीव होती ती साधा घसा कोणता व घातक घसा कोणता हें जाणण्याची. आज तें ज्ञान आपल्या दाराशीं आलें आहे. आजीची हळद आपल्या जागीं राहो. पण मुलाला दूध देतांना दिव्याच्या उजेडांत एकदां त्याचा घसाहि पाहावा.