सेट-सेट-सेट

इंग्रजी क्रियापदांची तीन-तीन रूपं पाठ करताना ज्यांनी छड्या खाल्ल्या आहेत, त्यांना 'सेट' या क्रियापदाविषयी अजूनही माया वाटत असेल. 'गो-वेंट-गॉन'चं घराणंच संशयास्पद. त्यातला 'वेंट' तर 'वेंड' नावाच्या परक्या घरातून दत्तक आलेला! 'सेट' मात्र कुठल्याही काळात न्या, तोंडवळा तोच. सेट-सेट-सेट. तीस वर्षं मी शाळेत इंग्रजी शिकवलं आणि तीस वर्षं फळ्यावर लिहीत आलो : सेट म्हणजे ठेवणे. मुलं ते उतरवून घेत. दोन्ही पक्ष समाधानी होते.

१९७८ साली आठवी 'ब'मधल्या एका मुलानं या समाधानाला सुरुंग लावला. तो उठून म्हणाला, "सर, सेट म्हणजे ठेवणे, तर 'द सन सेट्स'मध्ये सूर्याला कोण ठेवतं?"

वर्ग खदखदून हसला. आता, उत्तर येत नसलं की मास्तराजवळ एकच शस्त्र असतं. ते मी उपसलं. पोरगा तास संपेपर्यंत बाकावर उभा राहिला. सूर्य त्या दिवशीही वेळेवर मावळला. त्याला कोणी ठेवलं, ते मात्र मला कळलं नाही.

निवृत्त झाल्यावर वेळ जाईना, म्हणून एका ग्रंथालयात जाऊन बसू लागलो. तिथं ऑक्सफर्डच्या थोरल्या इंग्रजी कोशाची १९८९ सालची आवृत्ती होती. वीस खंड! 'सेट' काढला आणि घाम फुटला. या एका क्रियापदाला सुमारे साठ हजार शब्दांची नोंद आणि चारशेच्या वर अर्थ. आपल्या मोल्सवर्थसाहेबांच्या मराठी कोशाच्या १८५७ सालच्या दुसऱ्या आवृत्तीत मिळून शब्द आहेत साठ हजारांच्या घरात. म्हणजे आपल्या अख्ख्या कोशात जितके शब्द, तितक्या शब्दांची जागा इंग्रजांनी एका 'सेट'ला दिली. आणि मी दिली होती फळ्यावरची अर्धी ओळ!

या कोशाचा इतिहासही ऐकण्यासारखा आहे. जेम्स मरे यांनी १८७९ मध्ये काम अंगावर घेतलं, तेव्हा अंदाज होता दहा वर्षांचा. पाच वर्षांनी, १८८४ मध्ये, पहिला भाग निघाला तो 'ए' पासून 'अँट'पर्यंत. मुंगीपर्यंत पोचले, आणि तेही मुंगीच्याच पावलांनी! ऑक्सफर्डला घराच्या बागेत त्यांनी पत्र्याची खोली उभारली होती. शेजाऱ्याच्या डोळ्यांत खुपू नये म्हणून ती थोडी जमिनीत उतरवली, त्यामुळे आत गारठा आणि ओल. तिथं लाखो चिठ्ठ्या कप्प्यांत लावल्या जात, आणि त्या लावायला घरची मुलंसुद्धा बसत. १९१५ मध्ये मरे वारले. कोश पुरा झाला १९२८ मध्ये. पुढं नव्या सुधारणेत 'सेट'चा पहिला नंबर गेला. २०११ मध्ये 'रन'चे ६४५ अर्थ निघाले, आणि त्या एका शब्दापायी पीटर गिलिव्हर या संपादकांचे नऊ महिने गेले. मी 'रन म्हणजे धावणे' नऊ सेकंदांत उरकत असे.

पण माझी खरी विकेट पडली ती व्युत्पत्तीपाशी. 'सेट' हे 'सिट'चं प्रयोजक रूप. सिट म्हणजे बसणे, सेट म्हणजे बसवणे! आपल्या संस्कृतातला 'सद्' धातू यांचाच चुलतभाऊ. त्याची मुलं म्हणजे सदन, परिषद, संसद. (संसदेत लोक बसतात याला भाषाशास्त्राचा आधार आहे, पुढचं आपापल्या जबाबदारीवर.) मग एकेक कुलूप उघडू लागलं. हाड सेट करणे म्हणजे हाड बसवणे. गाण्याला चाल बसवणे, अंगठीत खडा बसवणे, सगळीकडे इंग्रजीत सेट. शेजारच्या वहिनी सांगतात, "आमचा मुलगा अमेरिकेत सेट झाला," म्हणजे बस्तान बसलं! गंमत अशी की, बसणे आणि बसवणे यांची खुद्द इंग्रजांनीही शतकानुशतकं गल्लत केली. अंड्यांवरची कोंबडी त्यांच्याकडे 'सिट' पण होते आणि 'सेट' पण. सूर्यही तसाच. त्याला कोणी ठेवत नाही. दिवसभराच्या रपेटीनंतर तो आपला आपणच टेकतो.

म्हणजे माझं उत्तर चुकलं होतं आणि त्या पोराचा प्रश्न बरोबर होता. तीस वर्षांच्या तुकड्या मी 'ठेवणे'वर ठेवून दिल्या होत्या.

मध्यंतरी आमच्या हिच्या अंगठीतला खडा निघाला. सराफाच्या पेढीवर गेलो. मालकानं चष्म्यावरून पाहिलं आणि झटकन उभा राहिला. "सर, ओळखलंत? आठवी 'ब'!"

मी ओळखलं. कोशातलं सगळं त्याला सांगितलं. चुकलो म्हणालो. चारचौघांत बाकावर उभं केलं होतं, तेव्हा गिऱ्हाइकांसमोरच म्हणालो. तो हसला. चिमट्यानं खडा उचलत म्हणाला, "सर, हे मला धंद्यात कळलं. नुसता ठेवलेला खडा पडतो. बसवावाच लागतो."

मग नोकराला हाक मारून त्यानं खुर्ची मागवली.

"तुम्ही उभे का, सर? बसा."

मी बसलो.