राउटरवरील वेगमर्यादा : रांगेला लावलेली शिस्त

घरातील एकाने मोठ्या फाइली पाठवण्यास आरंभ केला, की त्याच जोडणीवर दुसऱ्याचा ऑनलाइन वर्ग किंवा डॉक्टरांशी चाललेले व्हिडिओ संभाषण अडखळू लागते. अधिक वेगाची जोडणी घेणे हाच यावरचा उपाय, असा समज रूढ आहे. प्रत्यक्षात दोष पुष्कळदा वेगाचा नसून रांगेचा असतो आणि ही रांग राउटरवर वेगमर्यादा घालून आवरता येते.

इंटरनेटवरील माहिती 'पॅकेट' नावाच्या लहान तुकड्यांतून प्रवास करते. पुढचा मार्ग अरुंद असल्यास हे तुकडे मोडेमच्या किंवा राउटरच्या स्मृतीत साचतात. १ मेगाबाइट माहिती साचली असून बाहेर जाण्याचा वेग सेकंदाला १ मेगाबिट असेल, तर शेवटच्या तुकड्याला सुमारे ८ सेकंद खोळंबावे लागते. कारण १ बाइट म्हणजे ८ बिट. या दोषाला 'बफरब्लोट' म्हणतात. जिम गेटिस यांनी २०१० च्या सुमारास त्याकडे लक्ष वेधले.

मर्यादा घालण्याच्या रीती दोन. 'पोलिसिंग'मध्ये मर्यादेपलीकडचे तुकडे टाकून दिले जातात. 'शेपिंग'मध्ये ते थोडे थांबवून ठरलेल्या वेगाने सोडले जातात. यामागे बहुधा 'टोकन बकेट'ची कल्पना असते. एका काल्पनिक बादलीत ठरावीक गतीने टोकन पडत राहतात आणि प्रत्येक तुकडा आपल्या आकाराच्या प्रमाणात टोकन खर्चूनच पुढे सरकतो. टोकन पडण्याची गती ही सरासरी मर्यादा, तर बादलीचा आकार ही अल्पकाळाची सवलत होय.

राउटरच्या व्यवस्थापन पानावर ही सोय 'क्यूओएस' किंवा 'बँडविड्थ कंट्रोल' अशा नावांनी आढळते. प्रथम इतर वापर थांबवून, केबलने जोडलेल्या संगणकावरून, दोन्ही दिशांचा वेग दिवसाच्या निरनिराळ्या वेळी मोजावा. त्याच्या साधारण ८५ ते ९५ टक्के आकडा मर्यादा म्हणून भरावा. काही राउटर हा आकडा किलोबिटमध्ये मागतात. तेथे १० मेगाबिटसाठी १०,००० लिहावे लागते. मर्यादा प्रत्यक्ष वेगाहून किंचित कमी असली, तरच रांग सेवादात्याच्या यंत्रणेत किंवा मोडेममध्ये न साचता राउटरमध्ये राहते आणि तिला शिस्त लावता येते.

ही शिस्त लावण्यासाठी कॅथलीन निकोल्स व व्हॅन जेकबसन यांनी २०१२ मध्ये 'कोडेल' ही पद्धत मांडली. तुकडा रांगेत किती वेळ थांबला, हे पाहून ती निर्णय घेते. तिच्यावर आधारलेली 'एफक्यू-कोडेल' ही पद्धत प्रत्येक प्रवाहाला आळीपाळीने संधी देते. राउटरमध्ये ती उपलब्ध असल्यास निवडणे हिताचे. याउलट, प्रत्येक उपकरणाला कायमची स्वतंत्र मर्यादा ठरवून दिल्यास इतर उपकरणे बंद असतानाही शिल्लक वेग वाया जातो.

बदल केल्यावर मोठी फाइल पाठवत असतानाच 'पिंग' आज्ञेने विलंब तपासावा. तो फारसा वाढला नाही, तर मर्यादा योग्य समजावी. वाढल्यास आकडा थोडा खाली आणावा. मात्र राउटरचा प्रोसेसर दुबळा असल्यास वेगवान जोडणीवर हे काम त्याला झेपत नाही व एकूण वेग घटतो. वायफायचा क्षीण संकेतही या उपायाने सुधारत नाही.